तीस सेकंदांची सुट्टी

निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि हातात थंडगार बाटली... जाहिरातीतलं हे स्वर्गसुख बनवणाऱ्यांच्या वाट्याला त्यातलं नेमकं किती येतं? थायलंडच्या क्राबीमध्ये एका अ‍ॅड फिल्मच्या युनिटबरोबर काढलेल्या पाच दिवसांचा हा आँखों देखा हाल!

मार्च उजाडला की टीव्हीवर, मोबाइलवर आणि मॉलमधल्या त्या अवाढव्य स्क्रीनवर एकच सीझन सुरू होतो. कुणीतरी नारळाच्या झाडाखाली झोके घेतंय, कुणीतरी पाण्यात उडी मारतंय, कुणीतरी डोळे मिटून बाटली तोंडाला लावतंय. आणि आपण? आपण लंच टाइममध्ये कॅन्टीनच्या रांगेत उभे! मग ग्रुपमधला एक जण हमखास उसासा टाकतो, ‘काय जॉब आहे यार यांचा! फुकटात फॉरेन ट्रिप आणि वर पैसे!’

मलाही असंच वाटायचं. २०२५च्या फेब्रुवारीत एका कोल्ड्रिंकच्या जाहिरातीच्या युनिटबरोबर क्राबीला जायचा चान्स मिळाला, तेव्हा मी बॅगेत दोन स्विमसूट, एक कादंबरी आणि मोठी हॅट भरली होती. पाच दिवसांनी परत आले तेव्हा स्विमसूट घडी न मोडता परत आले आणि कादंबरी पान अकरावर होती. हॅट मात्र कामाला आली. ती स्पॉट दादांनी दुसऱ्याच दिवशी मागून नेली!

आधी थोडं गणित करू. जाहिरात तीस सेकंदांची. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम्स, म्हणजे एकूण ७५० फ्रेम्स. एवढ्यासाठी मुंबईहून सतरा माणसं गेली, बँकॉकहून चाळीसेक आली, दोन ट्रक, पाच बोटी आणि शूटिंगचे तीन दिवस. तुमच्या प्रोजेक्टला डेडलाइन असते ना? इथे ती समुद्र ठरवतो.

एवढ्या लांब कशाला?

पहिला प्रश्न हाच. आपल्याला सातशे किलोमीटरच्या वर किनारा आहे, शेजारी गोवा आहे. मग क्राबी का?

उत्तर आधी कॅलेंडरमध्ये आहे. उन्हाळ्याची जाहिरात मार्चमध्ये झळकायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत शूट व्हायला हवं. थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या बाजूला, म्हणजे फुकेत-क्राबीकडे, नोव्हेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि समुद्र शांत असतो. मे ते ऑक्टोबर तिथेही आपल्यासारखाच नैर्ऋत्य मान्सून. गंमत म्हणजे पलीकडच्या आखातातल्या को सामुई बेटावर सगळ्यात जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. त्यामुळे एक किनारा बंद पडला की युनिट्स दुसऱ्या किनाऱ्यावर सरकतात.

दुसरं कारण पाण्याचा रंग. कोकणातल्या नद्या आणि खाड्या गाळ घेऊन समुद्राला मिळतात. पाणी मासळीला उत्तम, पण कॅमेऱ्याला मातकट दिसतं. क्राबीला चुनखडीचे कडे थेट समुद्रातून उभे राहिलेत. खाली फिकट वाळू, वर उथळ पाणी. ऊन पडलं की ते हिरवं-निळं चमकतं. फिल्मवाल्यांना ही बाजू जुनीच माहितीची. १९७४च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मध्ये दिसलेला को तापू नावाचा सुळका जवळच्याच फांगन्गा उपसागरातला. त्या परिसराला आजही सगळे ‘जेम्स बाँड आयलंड’च म्हणतात.

तिसरं आणि सगळ्यात प्रॅक्टिकल कारण म्हणजे बँकॉक. कॅमेरा, लाइट्स, क्रेन, पाण्याखालचं हाउसिंग, सगळं तिथे भाड्याने मिळतं आणि ते चालवणारी तयार माणसंही. ट्रक रात्री बँकॉकहून निघतात आणि आठशेएक किलोमीटर कापून दुसऱ्या दिवशी क्राबीत हजर.

पासपोर्ट माणसांचा आणि लेन्सचाही

‘थायलंडला तर व्हिसाच लागत नाही!’ असं मीही लाइन प्रोड्यूसरला ऐकवलं होतं. तो फक्त हसला. तेव्हा व्हिसाची ती सूट होती, पण फिरायला जाणाऱ्यांसाठी. तिथे काम करायचं म्हटलं की खेळ वेगळा. सरकारी यादीतल्या स्थानिक कोऑर्डिनेटरमार्फत थायलंड फिल्म ऑफिसकडे स्क्रिप्ट, लोकेशन्स आणि युनिटची यादी द्यावी लागते. परवानगी मिळाली की शूटवर लक्ष ठेवायला सरकारी अधिकारी येतो. आमच्या बोटीवर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक शांत गृहस्थ होते. पहिल्या दिवशी सगळ्यांना ते रिसॉर्टचे मॅनेजर वाटले!

सामानाची तऱ्हा तर आणखी भारी. भारतातून नेलेल्या महागड्या लेन्सेस तिथे विकण्यासाठी आणलेल्या नाहीत, परत जाणार आहेत, हे कस्टम्सला पटवायचं कसं? त्यासाठी ‘एटीए कार्नेट’ नावाचं पुडकं असतं. आपल्याकडे ते ‘फिक्की’ देते. हा सामानाचा पासपोर्टच म्हणा. प्रत्येक लेन्स, प्रत्येक फिल्टर नंबरासकट लिहिलेला. जाताना शिक्का, येताना शिक्का. नेलेली एखादी वस्तू परत आलीच नाही, तर ड्युटीचा भुर्दंड.

कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या लिथियमच्या. त्या सुट्या असल्या तर चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंत ठीक, १६०पर्यंत एअरलाइनची परवानगी घेऊन माणशी दोन, त्याच्यावर पॅसेंजर विमानात बंदी. म्हणून युनिटमधल्या प्रत्येकाच्या पाठीवरच्या सॅकमध्ये, टर्मिनल्सना टेप लावलेल्या दोन-दोन बॅटऱ्या होत्या. माझ्याही. कपड्यांची जागा त्यांनीच खाल्ली.

आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या? त्याही मुंबईहूनच. क्राबीत हवं ते पेय मिळेल, पण त्यावरचं लेबल थाई. आपल्या टीव्हीवर आपल्याच दुकानातली बाटली दिसायला हवी. त्यातून डाग नसलेल्या, लेबल सरळ असलेल्या सहा बाटल्या निवडल्या जातात. त्यांना ‘हीरो’ म्हणतात. खऱ्या हीरोपेक्षा त्यांची बडदास्त जास्त!

कॉल टाइम पहाटे चार

रिसॉर्टचं ब्रेकफास्ट बुफे सकाळी साडेसहाला उघडतं. आमच्यापैकी एकानेही ते पाहिलं नाही. चारला लॉबी, साडेचारला जेट्टी, सूर्य उगवायच्या आत कॅमेरा उभा. विषुववृत्ताजवळ सूर्य क्षितिजाला तिरपा न जाता जवळजवळ सरळ वर चढतो. त्यामुळे तो मऊ, सोनेरी उजेड फार टिकत नाही. साडेदहानंतर ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. मग बारा बाय बारा फुटांची पांढऱ्या रेशमी कापडाची फ्रेम चार माणसं चार बाजूंनी धरतात आणि त्या मांडवाखाली मॉडेल ‘उन्हात’ मजा करते. वारा सुटला की फ्रेमचं शीड होतं आणि ती चार माणसं खेचली जातात. ती तुम्हाला कधीच दिसत नाहीत, कारण फ्रेम त्यांच्या मनगटापाशी संपते.

आणखी एक गोष्ट पहिल्याच पहाटे कळली. एसी रूममधून लेन्स थेट दमट हवेत काढली की तिच्यावर वाफ धरते. पुसली की पुन्हा धरते. म्हणून कॅमेरा अटेंडंट रात्री एसी बंद करून झोपतो. पंचतारांकित रिसॉर्टमध्ये, पेट्यांच्या ढिगाशेजारी, घामाघूम! का, तर सकाळी लेन्सला सर्दी होऊ नये म्हणून.

बाटलीवरचे ते थंडगार थेंब? पाणी आणि ग्लिसरीनचा स्प्रे. ग्लासातला बर्फ अ‍ॅक्रिलिकचा, कारण खरा बर्फ दोन टेकमध्ये वितळतो. मॉडेलने त्या दिवशी सतरा टेकमध्ये सतरा घोट घेतले. पेय तोपर्यंत कोमट झालेलं. प्रत्येक घोटानंतर चेहऱ्यावर तोच ‘आहा!’ आणायचा. याला अभिनय नाही तर काय म्हणायचं?

हे आजचंही नाही. १९७५ सालची ‘लिरिल’ची जाहिरात आठवा. कोडाईकनालचा धबधबा, हिरव्या स्विमसूटमधली कॅरन ल्युनेल आणि जाहिरातीमागे अलीक पदमसींची ‘लिंटास’. अख्ख्या देशाला ताजंतवानं वाटलं, पण त्या गार पाण्याखाली टेकवर टेक देणाऱ्या मुलीला काय वाटलं असेल? ताजेपणा बघणाऱ्याचा, हुडहुडी करणाऱ्याची!

नारळाखाली झोपतं कोण?

युनिटमध्ये माझी सगळ्यात चांगली गट्टी जमली ती स्पॉट दादांशी. मूळचे गुहागरचे, मुंबईत पंचवीस वर्षं शूटिंगवर चहा-पाणी-सावली पुरवणारे. दिग्दर्शकाने नारळाखाली हॅमॉक बांधायला सांगितलं, तेव्हा दादा वर बघत उभे राहिले.

‘काय बघताय दादा?’

‘ताई, नारळ आहेत का बघतोय. आमच्याकडे नारळाखाली कोण झोपतं का? टाळकं फुटायचं! हे शहरातले लोक बघून बांधतात झोका.’

पण झाडावर एकही नारळ नव्हता. पाहुण्यांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून रिसॉर्टवाले ते आधीच उतरवून घेतात. म्हणजे जाहिरातीतलं नारळाचं झाडही आधीच ‘प्रोडक्शन’वाल्यांच्या हातून गेलेलं!

दुसऱ्या दिवशी मात्र बोटीवरून जरा वाजलंच. तिथल्या लाँग-टेल बोटींच्या उंच नाळेवर रंगीबेरंगी कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात. शॉट मस्त होता: मॉडेल नाळेवर उभी, हात पसरलेले. नावाड्याने ठाम नकार दिला. ती जागा ‘मे या नांग’ची, बोटीचं रक्षण करणाऱ्या देवतेची. तिथे पाय ठेवायचा नाही. एजन्सीची मंडळी घड्याळ बघू लागली. कुणीतरी जास्त पैसे देऊन बघू म्हणालं. तेवढ्यात दादा पुढे झाले.

‘सर, नारळी पौर्णिमेला आमच्याकडे होडीची पूजा करतात. त्या होडीच्या तोंडावर कोण चपला घालून उभं राहिलं तर आम्ही काय करू? सोडा ना. बाईंना मध्ये उभं करा.’

मॉडेल मध्ये उभी राहिली. कॅमेरा थोडा खाली गेला आणि नाळेवरची ती कापडं फ्रेमच्या पुढच्या बाजूला फडफडू लागली. मॉनिटरवर शॉट बघून दिग्दर्शक म्हणाला, ‘हेच बेटर आहे.’ नावाड्याने दादांना एक सिगारेट ऑफर केली. दादांनी ती कानामागे खोचली.

समुद्र दुभंगतो तेव्हा

सगळ्या जाहिरातीचा जीव होता शेवटच्या शॉटमध्ये. क्राबीच्या समोर काही छोटी बेटं आहेत. ओहोटीला त्यांच्यामधून वाळूचा पट्टा वर येतो आणि एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. थाई लोक त्याला ‘थले वेक’ म्हणतात, म्हणजे दुभंगलेला समुद्र. आमच्या मॉडेलने त्या पट्ट्यावरून, दोन्ही बाजूंना पाणी असताना, एकटीने चालत यायचं होतं.

हा पट्टा चांगला उघडा पडतो तो पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात. म्हणून अख्खं शेड्यूल माघ पौर्णिमेभोवती बांधलेलं. पण त्या वर्षी पौर्णिमा १२ फेब्रुवारीला होती आणि त्याच दिवशी थायलंडमध्ये ‘माखा बुचा’ची सार्वजनिक सुट्टी. पर्यटकांची गर्दी नको, म्हणून शॉट १३ तारखेला ठेवला. दारूविक्रीही माखा बुचाला बंद. त्यामुळे आदल्या रात्री युनिट शहाण्या मुलांसारखं नऊला झोपलं. असिस्टंट डायरेक्टरने यालाच ‘परफेक्ट प्लॅनिंग’ म्हटलं!

ओहोटी कधी, यावर दादांचं आपलं गणित होतं. ‘पौर्णिमेची तिथी पंधरा. पाऊणपट केली की सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती. दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे, म्हणजे बारा. तिथून सहा तासांनी सुकती.’ असिस्टंट डायरेक्टरच्या छापील टाइड टेबलात ओहोटी पाचच्या सुमारास होती. किनारा बदलला की वेळही थोडी बदलते. पण कॅल्क्युलेटरशिवाय, दुसऱ्या देशात, फरक फक्त तासाभराचा! आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतच राहिलो.

साडेतीनला वाळू दिसायला लागली. पण पट्ट्यावर अजून पन्नासेक पर्यटक सेल्फी काढत होते. सार्वजनिक जागा, त्यांना हाकलायचा हक्क कुणालाच नाही. कोऑर्डिनेटर मुलगी एकेका ग्रुपकडे जाऊन, हात जोडून, हसून विनंती करत होती. साडेचारला टूरच्या बोटी परत फिरल्या, पट्टा मोकळा झाला आणि... सूर्यापुढे ढग! मोठा, जाड, कुठेही जायची घाई नसलेला ढग.

अधिकारी साहेबांनी बजावलं होतं: अंधार पडायच्या आत सगळ्यांनी बेट सोडायचं. मागे काहीही ठेवायचं नाही. परवानगी एकाच दिवसाची. सूर्यास्त साडेसहाला, सामान बोटीत चढवायला निदान पाऊण तास. म्हणजे पावणेसहा ही शेवटची वेळ. पाच वाजले. पाच वीस. कुणी बोलेना. क्लायंट वाळूत रेघोट्या ओढत होता. मॉडेल छत्रीखाली, टॉवेल गुंडाळून, गप्प. फोकस पुलर आपली मार्किंग्ज चौथ्यांदा तपासत होता. आज शॉट झाला नाही तर पुन्हा परवानगी, पुन्हा बोटी, पुन्हा सत्तावन्न माणसांचा एक दिवस. आणि पुढचं उधाण अमावास्येला, दोन आठवड्यांनी.

पाच पंचवीसला ढगाची कड पेटली. दिग्दर्शक ‘रोल’ म्हणाला की नाही, मला ऐकूच आलं नाही. मॉडेल चालत आली. पाणी दोन्हीकडून सोनेरी. एक टेक, दोन, तीन. चौथ्याला तिचा पाय किंचित घसरला आणि ती खरंखुरं हसली. जाहिरातीत तुम्ही पाहता ते हसू तेच. पावणेसहाला पॅक-अप!

टाळ्या वाजल्या आणि दुसऱ्याच सेकंदाला सगळे पेट्या उचलायला धावले. त्या पट्ट्यावर निवांत चालत जावं, असं माझ्या फार मनात होतं. पण पाणी परत यायला लागलं होतं आणि माझ्या हातात कुणीतरी ट्रायपॉडची बॅग दिली होती.

माया बेचं बिल

अधिकारी साहेब एवढे कडक का, याचं उत्तर त्याच राष्ट्रीय उद्यानातल्या माया बे नावाच्या खाडीत आहे. लिओनार्दो डिकॅप्रिओचा ‘द बीच’ २००० साली आला. त्याचं शूटिंग तिथे १९९९मध्ये झालं. बीच आणखी ‘बीचसारखा’ दिसावा म्हणून वाळू सपाट केली, मूळची झुडपं काढली, नारळाची झाडं आणून लावली. त्यावरून सुरू झालेला कोर्टातला वाद दोन दशकांहून जास्त चालला. सिनेमा बघून लोक यायला लागले ते वेगळंच. पुढे पुढे त्या चिमुकल्या खाडीत दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं उतरायची. बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडलं. शेवटी जून २०१८मध्ये सरकारने खाडी बंद केली. प्रवाळाची पुन्हा लागवड झाली. माणसं गेल्यावर काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क परतले. जानेवारी २०२२मध्ये खाडी उघडली, पण बोटींना आत प्रवेश नाही, माणसांची संख्या मोजून आणि दरवर्षी काही आठवडे पूर्ण विश्रांती.

२०२१पासून तर थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला घातक रसायनं असलेलं सनस्क्रीनही चालत नाही. दंड एक लाख बाटपर्यंत. आमच्या मेकअप दादांच्या पेटीतली प्रत्येक ट्यूब बोटीत चढण्याआधी तपासली गेली. आपण बीच विकतो, मग बीच टिकवायचा कुणी, या प्रश्नाचं उत्तर आता निदान तिथे नियमांत लिहिलेलं आहे. निघताना अधिकारी साहेब वाळूत वाकून काहीतरी शोधत होते. त्यांना आमच्या मार्किंग टेपचा बोटभर तुकडा सापडला. त्यांनी तो उचलून असिस्टंट डायरेक्टरच्या हातात ठेवला. एक शब्दही न बोलता.

आणि पैसे?

‘वर पैसे’ हे तर खरंच. पण कधी? या धंद्यात बिल दिल्यावर तीन महिन्यांनी पैसे येणं ही नवलाची गोष्ट नाही. युनिटमधले बहुतेक जण फ्रीलान्सर. पीएफ नाही, पेड लीव्ह नाही, ताप आला तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. होळीला जाहिरात झळकते, पैसे यायला पाऊस सुरू होतो आणि कधीकधी गणपतीही! चोवीस वर्षांची असिस्टंट डायरेक्टर इंजिनीअरिंगची नोकरी सोडून इथे आलीय. परतीच्या विमानात मी तिला विचारलं, ‘पश्चात्ताप होतो का गं?’ ती म्हणाली, ‘महिन्याच्या एक तारखेला होतो. पाच पंचवीसला नाही झाला.’

दादांनी मात्र परत येताना क्राबीच्या बाजारातून बायकोसाठी एक स्कार्फ आणि नातवासाठी लाकडी बेडूक घेतला. समुद्रात पाय घातला का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘घातला की! पेट्या उतरवताना कमरेपर्यंत होतो.’

चौकट : तुम्हालाही जायचंय?

• युनिटबरोबर कामाला जात असाल, तर ‘टुरिस्ट’ म्हणून घुसू नका. वर्क परमिटची चौकशी प्रोडक्शनकडे आधीच करा. पकडलं गेल्यावर निस्तरायचं तुम्हालाच आहे.

• मानधन, दिवसाचे तास, ओव्हरटाइम, पैसे कधी मिळणार आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स, हे पाच मुद्दे निघण्याआधी ई-मेलवर लिहून घ्या. दोस्ती आपल्या जागी, ई-मेल आपल्या जागी.

• लांब बाह्यांचा सुती शर्ट, मानेवर झाकण येणारी टोपी, ओल्या वाळूत चालणाऱ्या सँडल्स आणि ओआरएसची पाकिटं. गॉगल ऐच्छिक.

• सनस्क्रीन घेताना मागची बाजू वाचा. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट लिहिलेलं असेल तर ते थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानात नेऊ नका.

• २०१८पासून थायलंडच्या अनेक बीचेसवर सिगारेट ओढणं हा गुन्हा आहे. दादांनी कानामागे खोचलेली ती सिगारेट हॉटेलच्या गेटबाहेर येईपर्यंत पेटवली नव्हती, ती याचसाठी.

• आणि शेवटचं. सुट्टीच हवी असेल, तर सरळ सुट्टी टाका. शूटिंगवर जाऊन ती मिळत नाही.